कुंडी आपली आपण पाणी पिते

२ मार्च, रविवार

ही आज सकाळच्या गाडीने मुलीकडे गेली. बाळंतपण जवळ आलंय. निदान दीड महिना तरी मुक्काम.

जाताना सूचना. गॅस बंद करा, दूध उतू घालवू नका, वगैरे. शेवटी बाल्कनीच्या दारात उभी राहून कुंड्यांकडे बघत म्हणाली, जमेल तसं पाणी घाला. नाही जमलं तरी चालेल.

नाही जमलं तरी चालेल, हे वाक्य मला दिवसभर टोचतंय. मी पाणीपुरवठा खात्यात आहे. गेली कित्येक वर्षं हे अख्खं शहर माझ्या हिशोबाने तोंड धुतं. आणि मला बाल्कनीतल्या कुंड्या जमणार नाहीत.

संकल्प: १. पहाटे उठणे. २. चालायला जाणे. ३. परत येईपर्यंत हिला दाखवून देणे. काय दाखवायचं ते उद्या ठरवीन.

३ मार्च, सोमवार

पहाटे उठलो नाही. प्रवासाचा शीण. (प्रवास हिचा होता, पण सोडायला मी गेलो होतो.)

कुंड्यांना पाणी घातलं. हिचा तो चोच तुटलेला प्लास्टिकचा जग. चार फेऱ्यांत कंबर धरली, शर्टाची बाही भिजली, ऑफिसला उशीर. हातून पाणीपुरवठा ही मागासलेली पद्धत आहे. जगात कुठेही आता असं करत नाहीत.

५ मार्च, बुधवार

काल पाणी घालायचं राहिलं. आजही राहिलं. संध्याकाळी धसकून बाल्कनीत गेलो, तर झाडं टवटवीत. माती ओलसर.

याचा अर्थ सरळ आहे. झाडांना रोज पाणी लागतच नाही. ही इतकी वर्षं रोज सकाळी उगाच राबत होती. तिला हे हळुवारपणे सांगावं लागेल.

८ मार्च, शनिवार

ऐतिहासिक दिवस. सेल्फ-वॉटरिंग कुंड्या आणल्या. सगळ्या झाडांना पुरतील इतक्या. रिक्षावाला म्हणाला, नर्सरी काढताय का. मी नुसता हसलो.

रचना अत्यंत साधी आणि म्हणूनच थोर. कुंडीला दोन मजले. वर माती, खाली पाण्याची टाकी. टाकीतून एक सुती वात वर मातीत जाते आणि झाडाला हवं तेवढं पाणी ओढून देते, दिव्याला तेल मिळतं तसं. बाजूला एक छोटी नळी, तिच्यात तरंगणारा लाल दांडा. दांडा वर म्हणजे टाकी फुल. खाली गेला की भरा. जास्तीचं पाणी जायला एक भोक. आमच्या खात्याचा जलाशय हाच, फक्त कर्मचारी नाहीत. बहुधा म्हणूनच चालतो.

सोबत एक माहितीपत्रक आहे, बारीक अक्षरात. इंजिनियरला त्याची गरज नसते. डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घडी करून ठेवलं. टेबल आता स्थिर आहे, म्हणजे पत्रकाचाही उपयोग झाला.

९ मार्च, रविवार

सगळी झाडं नव्या कुंड्यांत हलवली. गुलाब, जिरॅनियम, पुदिना, फर्न, निवडुंग. निवडुंगाने सहकार्य केलं नाही. चिमट्याने काटे काढतोय.

गुलाबाला मुळं जेमतेमच होती. जुन्या झाडाला लागत नसावीत.

कंपनीच्या डिझाइनमध्ये एक गंभीर त्रुटी आढळली. वाती सुती आहेत. सुती म्हणजे कुजणार. सगळ्या उपसून टाकल्या आणि त्या जागी कपडे वाळत घालायची निळी नायलॉनची दोरी कापून घातली. शंभर वर्षं टिकेल. कंपनीला कळवावं का? नको. आधी पेटंटचं बघू.

पाठ गेली आहे. चालण्याचा संकल्प पुढच्या आठवड्यापासून.

१२ मार्च, बुधवार

इंडिकेटर: फुल. सगळ्या कुंड्यांत. तीन दिवसांत दांडा केसभरही खाली नाही. आणि झाडं तर हसतायत. पाणी न वापरता झाडं जगवणारी सिस्टीम मी घरच्या घरी तयार केली आहे. लिहितानाही अंगावर काटा येतो. (निवडुंगाचा वेगळा.)

निरीक्षण: हिचा जग रोज संध्याकाळी आतून ओला असतो. मी तर त्याला हात लावत नाही. हवेतली आर्द्रता.

दुसरं निरीक्षण: ओट्यावर माझा चष्मा सापडला. हा कधी घेतला होता आठवत नाही. फ्रेम जरा नाजूक आहे, नंबरही थोडा वेगळा वाटतो, पण जवळचं स्पष्ट दिसतं. माझा नेहमीचा कुठेतरी गेलाय, तेव्हा बरंच झालं.

१५ मार्च, शनिवार

मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप. फोनवर ही रडत होती, मीही. जावयांनाही भरून आलं होतं. मग आम्ही सगळ्यांनीच एकमेकांना काय जेवलात ते विचारलं.

योग्य वेळ पाहून हिला कुंड्यांचं सांगितलं. मग म्हणाली, सगळी झाडं उपटलीत का हो? मी म्हणालो, स्थलांतरित केली. म्हणाली, फोटो पाठवा. पाठवला. थोड्या वेळाने तिचा मेसेज: छान दिसतायत. बाईंना नमस्कार सांगा.

हे नमस्काराचं कळलं नाही. बाई म्हणजे खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांचा इथे काय संबंध? आनंदाच्या भरात माणूस काहीही लिहितो.

पण "छान दिसतायत" हे लेखी आलंय. स्क्रीनशॉट काढून ठेवला.

१८ मार्च, मंगळवार

ऑफिसात डेमो दिला. घरून जिरॅनियमची कुंडी नेली, खुर्चीवर ठेवली, मागे बोर्डवर आकृती. साहेब स्वतः आले. मी म्हणालो, बघा, दहा दिवस झाले, एक थेंब घातला नाही, टाकी तरीही भरलेली.

लेखापालबाई मागच्या रांगेतून म्हणाल्या, टाकीतलं पाणी संपतच नाही, तर झाडं पितात काय?

लोक हसले. मी शांतपणे सांगितलं की याला एफिशियन्सी म्हणतात. हिशोब तपासणाऱ्या लोकांना प्रत्येक ठिकाणी वजाबाकी लागते.

साहेब प्रभावित. मुख्य दरवाज्याशी चार मोठे पाम लावायचं काम माझ्याकडे आलं. शिवाय खात्याच्या मासिकात लेख लिहायला सांगितलंय: "सेल्फ-वॉटरिंग कुंड्या: फायदे आणि तोटे." आयुष्यात पहिल्यांदा साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तोही दुखऱ्या बाजूला, पण मी चेहऱ्यावर दाखवलं नाही.

२१ मार्च, शुक्रवार

पाम लागले. दोरी माझीच, निळी. शिपायाने विचारलं, साहेब, वरून पाणी घालू का? मी त्याला सक्त ताकीद दिली की एक थेंबही घालायचा नाही. सिस्टीमवर विश्वास ठेवायला शिकलं पाहिजे.

संध्याकाळी खालच्या मुख्याध्यापिकाबाई जिन्यात भेटल्या. त्यांच्या वाळत घातलेल्या चादरीवर वरून मातकट पाणी गळतंय. मी माफी मागायला लागलो तर त्याच ओशाळल्यासारख्या झाल्या. म्हणाल्या, यात तुमची चूक नाही हो, जरा जास्त पडत असेल. नव्या कुंड्यांचा अंदाज येत नाही.

किती समजूतदार बाई. शाळेत मात्र त्यांना सगळे टरकून असायचे म्हणे.

पण गळती ही गळतीच. शोध घेतला. जास्तीचं पाणी जायच्या भोकातून येतंय. मी न घालता पाणी जास्त होतंय म्हणजे कुंड्या पाणी नुसतं देत नाहीत, बनवतातही. यावर वेगळा लेख होईल. तूर्तास सगळी भोकं गळक्या नळांना लावतात त्या सिमेंटसारख्या काळ्या लगद्याने बुजवून टाकली. प्रश्न मिटला.

२४ मार्च, सोमवार

लेख सुरू केला.

फायदे: वेळ वाचतो. पाणी वाचतं. कंबर वाचते. माणसाला गावाला जाता येतं (मी कुठे गेलो नाही, पण जाता येईल). संसारात मान वाढतो.

तोटे: नाहीत.

"नाहीत" फार उद्धट दिसतं. संपादक म्हणतात एक तरी तोटा हवा, नाहीतर जाहिरात वाटेल. "सवय व्हायला वेळ लागतो" असं घातलं.

हल्ली डोकं दुखतं, विशेषतः चष्मा लावून लिहिताना. लेखनाचा ताण असावा. बाल्कनीत डासही फार झालेत. टाक्यांच्या नळ्यांतून येताना दिसतात. वसंत ऋतू.

२७ मार्च, गुरुवार

निवडुंग थोडा कलला होता. सरळ करायला गेलो तर बोट आत गेलं. पिकलेल्या केळ्यात जावं तसं. वास आला.

निवडुंगाला मुळातच प्रगती सोसत नाही. वाळवंटातली जमात. लेखात एक वाक्य वाढवलं: काही झाडांची मानसिक तयारी नसते.

हिला कळवलं नाही. नात दहा-बारा दिवसांची. अशा वेळी वाईट बातमी देऊ नये.

३१ मार्च, सोमवार

ऑफिसातून आलो तर बाल्कनीत पाणीच पाणी. कुंड्यांच्या काठावरून ओघळून फरशीवर आलेलं. जग आडवा पडलेला, पायपुसणं भलतीकडे, जिरॅनियमची एक फांदी मोडलेली. शिवाय दाराला नुसता लॅच, कुलूप नाही. मीच सकाळी विसरलो असणार.

मांजर. दुसरं कोण?

खिडकीला जाळी लावायची. फरशी पुसली. पुसताना मीही घसरणार होतो.

२ एप्रिल, बुधवार

हिचा फोन. नातीचे गाल माझ्यासारखे आहेत म्हणते. मग एकदम म्हणाली, अहो, आता कुंड्यांना वरून थोडं थोडं पाणी घालत जा.

मी म्हणालो, आता म्हणजे? ती म्हणाली, आता म्हणजे ऊन वाढलंय.

मी तिला पुन्हा सगळी सिस्टीम समजावली. दांडा फुल आहे. भरलेल्या टाकीवर पाणी ओतणं म्हणजे शास्त्राचा अपमान. ती म्हणाली, दांडा राहू द्या, मातीत बोट घालून बघा. मी म्हणालो, इंडिकेटर कशासाठी असतो मग? तिने सुस्कारा सोडला आणि बाळ उठलं म्हणून फोन ठेवला. बाळाचा आवाज मला आला नव्हता.

संशय घेणाऱ्या माणसाला पुरावा दाखवूनही उपयोग नसतो.

४ एप्रिल, शुक्रवार

पुदिना झोपलाय. फर्नची टोकं तपकिरी. गुलाबाची पानं खाली वळलीत, पण ती नम्रताही असू शकते.

इंडिकेटर: फुल.

ऑफिसातले पामही पिवळे पडलेत. तिथेही इंडिकेटर फुल. दोन्ही ठिकाणी एकाच वेळी हे होतंय, म्हणजे दोष सिस्टीमचा नाही, हवेचा आहे. साहेबांना तसं सांगितलं. साहेब म्हणाले, मग समोरच्या बँकेच्या दारातली झाडं कुठल्या हवेत आहेत?

बँकेची गोष्ट वेगळी.

७ एप्रिल, सोमवार

आज वर्तमानपत्रात चौथ्या पानावर आमच्या दरवाज्याचा फोटो. चार पाम, चारही झाडूसारखे. वर मथळा: पाणीपुरवठा खात्याच्या दारातच दुष्काळ.

आणि आजच खात्याचं मासिक आलं. पान सहा, माझा लेख, माझा फोटो, हातात जिरॅनियम. दोन्ही एकाच टेबलावर शेजारी शेजारी. कोणी ठेवलं माहीत नाही, पण लेखापालबाई फार मन लावून चहा पीत होत्या.

साहेबांनी बोलावलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, शहरात आधीच नळाला पाणी कमी दाबाने येतंय, लोक चिडलेत, आणि मी पत्रकारांना काय सांगू? एफिशियन्सी? पाम उचलून मागच्या आवारात न्यायला सांगितले. उचलले मी आणि शिपायाने. एक कुंडी उतरवताना तिची टाकी फुटली आणि जेवढं पाणी पहिल्या दिवशी भरलं होतं तेवढं सगळं माझ्या बुटांत.

शिपायाने फडकं आणून दिलं. तेही बरं नाही वाटलं.

८ एप्रिल, मंगळवार

रजा टाकली. गुलाबाची कुंडी उघडून बघितली.

खालची टाकी काठोकाठ. पाण्यात डासांच्या अळ्या सुखाने नांदतायत. वर माती भुकटीसारखी कोरडी. बोटभर वर तहान, बोटभर खाली तळं, आणि मध्ये माझी निळी दोरी. दोरी वरच्या टोकाला ठणठणीत कोरडी. नायलॉन पाणी ओढत नाही. कपडे वाळत घालायची दोरी ती. पाणी न पिणं हाच तिचा गुण.

निष्कर्ष: सिस्टीम निर्दोष होती. दोरीत दोष होता. दोरी मी घातली होती हा वेगळा मुद्दा.

मग टेबलाखालचं माहितीपत्रक काढून वाचलं. मुळं खालपर्यंत पोचेस्तोवर सुरुवातीचे काही आठवडे वरून पाणी घालावं. निवडुंगासारखी झाडं यात लावू नयेत. जास्तीच्या पाण्याचं भोक कधीही बुजवू नये. वात बदलू नये. सगळं क्रमाने. जणू मला समोर बसवून लिहिलंय.

टेबल पुन्हा डुगडुगायला लागलं.

एक गोष्ट मात्र कळत नाही. दोरी पहिल्या दिवसापासून पाणी ओढत नव्हती, तर मार्चभर झाडं जगली कशावर? डोकं चालेना. डोकं दुखतही होतं.

१० एप्रिल, गुरुवार

दूधवाला म्हणाला, खालच्या बाईंचा पाय मुरगळलाय, दहा दिवस घरातच आहेत. शेजारधर्म म्हणून संध्याकाळी संत्री घेऊन गेलो.

बाई खुर्चीत, पाय स्टुलावर, घोट्याला पट्टी. दार शेजारच्या मुलीने उघडलं. मी बसलो, चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि विचारलं, काय झालं?

त्या माझ्याकडे टक लावून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, चष्मा सापडला वाटतं माझा.

मी म्हणालो, कुठला?

म्हणाल्या, तुमच्या नाकावरचा. महिना झाला, तुमच्या ओट्यावर विसरले असणार. तुम्हाला विचारायची सोय नव्हती.

मग सगळं बाहेर आलं. ही जाताना त्यांच्याकडे घराची किल्ली देऊन गेली होती. मी ऑफिसला गेलो की बाई रोज वर यायच्या, हिच्या जगाने झाडांना पाणी घालायच्या, दार ओढून घ्यायच्या. मला सांगायचं नाही असं ठरलं होतं. ही म्हणाली होती म्हणे, त्यांना आपण करतोय असं वाटू दे.

त्यांना आपण करतोय असं वाटू दे.

मी विचारलं, आणि पाय? बाईंनी जरा आढेवेढे घेतले. मग म्हणाल्या, त्या दिवशी कुंड्या वरूनच वाहायला लागल्या, पाणी खाली जाईचना. फरशीवर पाय सरकला. जग हातातून उडाला. कसंबसं दार ओढलं आणि कठडा धरून जिना उतरले. किल्ली फिरवायचं काही सुधरलं नाही.

मी काळ्या लगद्याने भोकं बुजवल्याचं त्यांना सांगितलं. ते मला न सांगता आलं असतं, पण सांगितलं. त्या म्हणाल्या, हं. मला वाटलं शाळेत मुलांना म्हणत असतील तसं, उभे राहा कोपऱ्यात, असं म्हणतील. त्या म्हणाल्या, संत्री चांगली आहेत, सोलून द्या.

सोलून दिली. चष्मा परत केला. घरी आलो तेव्हा जिन्याच्या पायऱ्या धूसर होत्या. चष्मा नव्हता म्हणून.

१३ एप्रिल, रविवार

ही शनिवारी येतेय. बाल्कनीत आता मोडलेलं जिरॅनियम, काही काड्या आणि भरपूर इंडिकेटर आहेत.

सगळ्यात वाईट गुलाबाचं. मुलगी जन्मली त्या वर्षी हिने लावलेलं झाड. त्याच्या फांद्या पुढेमागे नातवंडाच्या घरी लावायच्या, असं ही बोलली होती. मी त्या वेळी पेपर वाचत होतो, पण ऐकलं होतं.

नर्सरीत गेलो. म्हणालो, एक गुलाब द्या, जुना दिसेल असा. नर्सरीवाल्याने विचारलं, कुठल्या रंगाचा?

मी उभाच राहिलो. बाल्कनीत रोज बसून मी चहा पितो. समोर गुलाब. इतकी वर्षं. रंग आठवेना. लाल असावा, गुलाब लाल असतो. पण गुलाबी म्हटल्यावर गुलाबीही वाटायला लागला.

बाजूला जाऊन मुलीला फोन लावला. आधी नातीची चौकशी केली, मग सहज म्हणून विचारलं, आपला गुलाब कुठल्या रंगाचा गं? ती म्हणाली, आपला? मग म्हणाली, पिवळा, बाबा. मी म्हणालो, माहीत आहे, तुला आठवतं का बघत होतो. ती म्हणाली, हो का. आणि मग अगदी हिच्या आवाजात म्हणाली, बाबा, उन्हात फार फिरू नका.

पिवळा गुलाब आणला. साधी मातीची कुंडी. इतर झाडंही आणली. जुनी दिसावीत म्हणून पानांवर जरा धूळ टाकली.

१७ एप्रिल, गुरुवार

रोज सकाळी जगाने पाणी घालतोय. बोट मातीत घालून. बाईंच्या घरीही जाऊन विचारतो, काही आणायचंय का. त्यांनी काल भाजी आणायला पाठवलं आणि परत पाठवलं, वांगी किडकी होती म्हणून. आज बरी निघाली.

नवा गुलाब ठीक. हिला ओळखता येणार नाही याची खात्री वाटते. मी स्वतः फसलो असतो. अर्थात मी रंगालाही फसलो असतो.

१९ एप्रिल, शनिवार

ही आली. आंघोळ नाही, चहा नाही, सरळ बाल्कनीत. मी मागे.

तिने एक नजर फिरवली. गुलाबाच्या पानावरून बोट फिरवलं, बोटाला लागलेली धूळ बघितली आणि पदराला पुसली. म्हणाली, चांगला आहे. कुठून आणलात?

मी सगळं सांगितलं. दोरी, पाम, पेपर, बाईंचा पाय. तिला बहुतेक माहीत होतं. मुलीला माहीत होतं. जावयांनी तर पेपरातला फोटो जपून ठेवलाय. मी म्हणालो, बाकी सगळं सोड, पण तुझा तो गुलाब माझ्या हातून गेला, त्याचं फार वाईट वाटतं.

तिने पदर खोचला. मग म्हणाली, चला खाली.

बाईंच्या बाल्कनीत गुलाब होता. मोठा, जुना, पिवळ्या फुलांचा. शेजारी तिच्या बहिणीने दिलेलं जिरॅनियम, जुनी फर्न, आणखी दोन-तीन. सगळी तिच्या जुन्या कुंड्यांत. गाडीच्या दोन दिवस आधी मी ऑफिसात असताना तिने आणि बाईंनी ही झाडं खाली आणून ठेवली होती.

मी विचारलं, मग वर होती ती?

म्हणाली, ती फांद्या-फुटवे लावून केलेली. बाल्कनी रिकामी दिसली असती तर तुम्हाला वाईट वाटलं असतं.

बाई खुर्चीतून म्हणाल्या, गुलाबाची ती फांदी तर लागलीही नव्हती धड.

म्हणजे दीड महिना मी जी सिस्टीम उभारली, जिच्यावर लेख लिहिला, जिच्यापायी रजा टाकली, ती ज्या झाडांवर चालली ती सगळी माझ्या नावाने आधीच सोडून दिलेली होती. आमच्या खात्यातही पाणी सोडताना वाटेत किती मुरणार ते धरून सोडतात. मुरणारा भाग मी होतो.

जिना चढताना ही म्हणाली, रागावलात का? मी म्हणालो, नाही. थोड्या वेळाने म्हणाली, पण रोज बोट घालून पाणी घालायला शिकलात, ते बरं झालं. एवढं मला वाटलं नव्हतं. आणि माझ्या हातातली पिशवी तिने घेतली, खरं तर हलकी होती ती.

२० एप्रिल, रविवार

गुलाब आणि मंडळी परत वर आली. मी आणि शेजारच्या मुलीने उचलून आणली. स्वयंचलित कुंड्या माळ्यावर. हिने त्यांच्याबद्दल एक शब्दही काढला नाही. त्या गुलाबाशेजारी माझा गुलाब लहान भावासारखा दिसतो.

दुपारी हिने एक छोटी कुंडी माझ्या पुढ्यात ठेवली. कोरफड. मुलीकडून येताना आणलेली. म्हणाली, ही तुमची. हिच्याकडे महिनाभर बघितलं नाही तरी चालतं. पाणी तर अजिबात घालायचं नाही, मी सांगेपर्यंत. जमेल?

म्हणालो, एवढं काय त्यात.

खरंच काही नाही त्यात. इतकी सोपी जबाबदारी देणं हा जवळजवळ अपमान आहे, पण मी मोठ्या मनाने घेतली. खिडकीत ठेवली. नजरेसमोर राहील.

संध्याकाळी, ही खाली बाईंकडे गेलेली असताना.

माती जरा कोरडी दिसली. घातलं थोडंसं. थोड्याने काय होतंय.